'मी असतो तर शेवट वेगळा केला असता'

लेखनगटात कथा वाचून झाली की कुणीतरी 'छान जमलीये' म्हणतं आणि लगेच कुणीतरी वरचं वाक्य टाकतं. 'छान'ने फारसं बिघडत नाही, फक्त वेळ जातो. 'मी असतो तर' मात्र महागात पडतं. बोलणारा तिथल्या तिथे स्वतःची कथा रचायला घेतो आणि समोरच्याची बाजूलाच राहते.

मागे एका कथेवर आमच्यात बरीच जुंपली होती. वडिलांचं घर विकायला मुलगी तयार होते, असा प्रसंग. एक म्हणाला, संवाद कापा. दुसरी म्हणाली, वडिलांचा भूतकाळ आणा. तिसऱ्याला शेवटच नको होता. लेखिका रडकुंडीला आली. मग कुणीतरी विचारलं, 'पण वाचताना नेमके अडलात कुठे?' तिघांनीही एकाच ओळीवर बोट ठेवलं: 'तिने सही केली.' आदल्या पानापर्यंत ती मुलगी ठामपणे 'नाही' म्हणत होती. मधे काय झालं ते लेखिकेला पक्कं ठाऊक होतं, कागदावर उतरलंच नव्हतं. तिने चार ओळी घातल्या, बाकी कथेला हात लावला नाही.

म्हणून माझा हट्ट असतो की कुठे अडलात, कुठे कंटाळलात, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, तेवढं सांगा. दुरुस्ती लिहिणाऱ्याला करू द्या.

१९३६ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या लेखन कार्यशाळेमुळे रुळलेल्या पद्धतीत चर्चेच्या वेळी लेखकाने गप्प बसायचं असतं. मला हे अर्धंच पटतं. स्वतःच्या बचावाची खोड मोडते हे खरं, पण ज्या जागेबद्दल लेखकालाच शंका आहे तिच्याकडे कुणी फिरकतही नाही. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये बसवलेली पद्धत मला जास्त मानवते. त्यात आधी काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकार स्वतः प्रश्न विचारतो, मग बाकीचे तटस्थ प्रश्न विचारतात. मत सगळ्यात शेवटी, तेही विचारून: 'शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?' काहींना हा फाजील शिष्टाचार वाटतो. पण कशाबद्दल बोलायचंय हे आधी सांगावं लागलं की निम्मी पोपटपंची आपोआप गळते.

आणि ज्याची कथा आहे त्याने वही उघडी ठेवावी. 'अहो, मला तिथे असं म्हणायचं होतं' हे ओठांवर आलं तर बोलू नये, समासात लिहून ठेवावं. बऱ्याचदा कथेत नेमकं तेच वाक्य राहिलेलं असतं.