गृहीत धरलेली मतं : स्टार काउंटी ते फ्रिस्को

"सीमेवर भिंत बांधणाऱ्या माणसाला मेक्सिकन वंशाचे लोक मत देतातच कसे रे?" भारतातून फोन आला की तब्येतीपाण्याच्या चौकश्या झाल्यावर हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या सुरात 'काय येडे लोक आहेत' हे न बोलता बोललेलं असतं. इथल्या माझ्या डेमोक्रॅट मित्रांचा सूरही तोच असतो, आणि माझ्या मते त्या पक्षाचं निम्मं दुखणं त्या सुरातच आहे. मी डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहतो, इथेच मतदान करतो, तेव्हा दोन शब्द लिहितो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी स्टार काउंटी. (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग.) टेक्ससच्या पार दक्षिणेला, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर. नदीपलीकडे मेक्सिको. लोकसंख्येत जवळपास ९७ टक्के हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांचे लोक, इथे मुख्यतः मेक्सिकन वंशाचे. २०१६ साली इथे हिलरी क्लिंटनना ७९ टक्के मतं पडली, ट्रम्पना १९. २०२० मध्ये बायडन ५२, ट्रम्प ४७. आणि २०२४ मध्ये ट्रम्प ५८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन सरळ जिंकले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार इथे याआधी जिंकला होता तो १८९२ साली. म्हणजे आपल्याकडे गणेशोत्सव सार्वजनिक झाला त्या सुमाराला. (रंगारी की टिळक हा वाद कृपया कमेंटमध्ये काढू नका.)

आठ वर्षांत एवढी उलथापालथ एकट्या ट्रम्पच्या करिष्म्याने होत नाही. मुळात दक्षिण टेक्ससमधलं डेमोक्रॅट असणं हे विचारांपेक्षा वहिवाटीचं होतं. तिथे 'पात्रोन' नावाची जुनी व्यवस्था होती. मोठा जमीनदार किंवा काउंटीचा पुढारी नोकऱ्या लावायचा, अडीअडचणीला पैसे द्यायचा, आणि निवडणुकीला माणसं त्याच्या शब्दावर मत टाकायची. आपल्याकडे साखर कारखान्याच्या पट्ट्यात जसं उसाचं बिल, सोसायटीचं कर्ज आणि मत एकाच वाड्यावरून ठरायचं, त्यातलाच प्रकार. जवळच्याच डुव्हाल काउंटीतल्या जॉर्ज पारला तर लोक 'ड्यूक' म्हणायचे. १९४८ साली पुढे अध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन सिनेटची प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत लढत) अवघ्या ८७ मतांनी जिंकले, तेव्हा उशिरा 'सापडलेली' मतपेटी पारच्याच वजनाखालच्या भागातली होती. शेरीफ डेमोक्रॅट, न्यायाधीश डेमोक्रॅट, शाळेच्या बोर्डावरचा काका डेमोक्रॅट. खरी लढत प्राथमिक निवडणुकीतच व्हायची, नोव्हेंबर हा नुसता उपचार.

त्यात एक तांत्रिक गोष्ट होती, जिच्याकडे बाहेरचे लोक फारसं बघत नाहीत. टेक्ससमध्ये पूर्वी मतपत्रिकेवर सगळ्यात वर पक्षाचा एकच पर्याय असायचा. तो निवडला की अध्यक्षापासून खालच्या न्यायाधीशापर्यंत सगळी मतं त्या पक्षाला. इथली मतपत्रिका म्हणजे रेशनकार्डासारखी दोन पानी नसते, नावंच नावं असतात. वीस-तीस पदं, त्यातली निम्मी माणसं तुम्ही कधी ऐकलेली नसतात. त्यामुळे एका खुणेत मोकळं होणं सोयीचं होतं. विधिमंडळाने कायदा बदलला आणि २०२० पासून ही सोय गेली. आता प्रत्येक पदापुढे थांबून ठरवावं लागतं. वर ट्रम्प, खाली ओळखीचा डेमोक्रॅट शेरीफ असं मत टाकणारे लोक त्यामुळे एकदम तयार झाले असं मी म्हणणार नाही, पण सवयीची गाठ सैल व्हायला त्याचाही हातभार लागला असावा.

मग पोटापाण्याचं काय? तिथल्या पोरांना बऱ्या पगाराच्या नोकऱ्या दोन ठिकाणी मिळतात. एक तेलाच्या विहिरींवर, दुसरी गणवेशात, म्हणजे पोलीस, तुरुंग आणि सीमेवरचा पहारा. बॉर्डर पट्रोलमध्ये हिस्पॅनिक जवानांची संख्या भरपूर आहे. ऑक्टोबर २०२० च्या शेवटच्या वादसभेत बायडन म्हणाले की देशाने हळूहळू तेल उद्योगापासून दूर जायला हवं. त्याच वर्षी पोलिसांचा निधी कापा अशा घोषणा रस्त्यावर चालू होत्या. शहरातल्या सुशिक्षित तरुणाला ही तत्त्वाची भाषा वाटली. ज्याच्या घरी महिन्याचा चेक याच दोन ठिकाणांहून येतो, त्याने त्यातून काय ऐकलं असेल? पुढे २०२२ च्या जूनमध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली, आणि उरलीसुरली माया पेट्रोल पंपावर आटली.

गेल्या गारपिटीनंतर आमच्या घराचं छप्पर बदलायला आलेल्या टोळीचा मुकादम त्याच भागातला निघाला. पन्नाशीचा, घोटीव माणूस. दुपारी सावलीत बसून टॉर्टिया खाताना बोलायला लागला. आजीच्या घरात ग्वादालूपेच्या मातेच्या (मेक्सिकन लोकांची मेरीमाता) तसबिरीशेजारी डेमोक्रॅट अध्यक्ष केनेडींचा फोटो होता, म्हणाला, आणि आजी दोघांनाही सारख्याच भक्तीने हात लावायची. याने स्वतः २०२० पर्यंत कधी रिपब्लिकनांना मत दिलं नव्हतं. बेकायदा येणाऱ्यांविषयी विचारलं, तर म्हणाला की कमी मजुरीत कामाला तयार असलेली नवी टोळी आली की सगळ्यात आधी भाव पडतो तो माझा, बँकेतल्या साहेबाचा नाही. पण लगेच वर हेही म्हणाला की माझ्या टोळीतल्या कुणाला कामावरून उचलून नेलं, तर हे काम मी कुणाच्या जीवावर करू? दोन्ही वाक्यं त्याने एकाच घासात म्हटली आणि त्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

'हिस्पॅनिक मत' नावाची एकजिनसी वस्तू मुळात आहे कुठे? दक्षिण टेक्ससमधली कित्येक घराणी मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहाआधीपासून तिथे आहेत, सीमा त्यांच्या अंगावरून पुढे सरकली. कम्युनिस्ट राजवटीतून पळून आलेल्या घरातला मायामीचा क्युबन 'समाजवाद' हा शब्द ऐकला की उठून बसतो. पोर्तो रिकोचा माणूस जन्मतःच अमेरिकन नागरिक, त्याला व्हिसाची भानगडच नाही. या सगळ्यांना एका गाठोड्यात बांधून 'यांना स्थलांतराचा प्रश्न महत्त्वाचा' असं ठरवलं वॉशिंग्टनमधल्या सल्लागारांनी. आणि हे दोन्ही पक्षांच्या सल्लागारांनी ठरवलं, हे विशेष. २०१२ ला रॉम्नी हरल्यावर रिपब्लिकन पक्षाने आत्मपरीक्षणाचा अहवाल काढला, तो म्हणत होता की स्थलांतराबाबत मवाळ व्हा, नाहीतर संपलात. ट्रम्पनी बरोबर उलटं केलं आणि तरी आकडे वाढत गेले. प्यू रिसर्च सेंटरच्या हिशेबाने २०२० मध्ये हिस्पॅनिक मतदारांत बायडन ६१, ट्रम्प ३६ होते. २०२४ मध्ये हॅरिस ५१, ट्रम्प ४८.

आता उलटा प्रवाह बघा. कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी म्हणजे निक्सन यांचं जन्मस्थान, रिपब्लिकनांचा गड. २०१६ साली ती हिलरींकडे गेली, १९३६ नंतर पहिल्यांदाच डेमोक्रॅटांकडे. अटलांटाच्या उपनगरांतली ग्विनेट काउंटी २०१२ मध्ये रॉम्नींना ५४ टक्के देत होती, २०२० मध्ये तिने बायडनना ५८ टक्के दिले. जॉर्जिया राज्य बायडन ११,७७९ मतांनी जिंकले, तेव्हा ग्विनेटशिवाय ते शक्यच नव्हतं. विस्कॉन्सिनमधली वॉकशा काउंटी अजून रिपब्लिकनांचीच आहे, पण रॉम्नींचे ६७ टक्के ट्रम्पच्या काळात ६० च्या आत आले.

दर वेळी कारण एकच नव्हतं. ग्विनेटमध्ये माणसंच बदलली. कोरियन आले, भारतीय आले, कृष्णवर्णीय मध्यमवर्ग अटलांटातून सरकला. वॉकशात माणसं बरीचशी तीच, मन बदललं. कर कमी असावेत म्हणणारा, चर्चला जाणारा, डिग्रीवाला गोरा माणूस ट्रम्पच्या तोंडाला कंटाळला, त्याच्या बायकोने तर आधीच पक्ष सोडला होता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर ती परत फिरण्याचा प्रश्नच उरला नाही.

डेमोक्रॅट नेते चक शूमर २०१६ मध्ये उघड म्हणाले होते की पश्चिम पेनसिल्व्हेनियात एक कामगार मतदार गमावला तर फिलाडेल्फियाच्या उपनगरांतून दोन मवाळ रिपब्लिकन मिळवू. सौदा म्हणून ऐकायला झकास. पेनसिल्व्हेनिया त्या वर्षी सुमारे ४४ हजार मतांनी ट्रम्पकडे गेलं. शूमरना गोऱ्या कामगाराचा हिशेब तरी माहीत होता. स्टार काउंटीतला तेलकामगारही त्याच 'एक' मध्ये मोडतो, हे कुणाच्या वहीत नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन वेगळे चमत्कार नाहीत. कॉलेजची पदवी असलेले एका बाजूला आणि नसलेले दुसऱ्या बाजूला अशी देशाची नवी वाटणी चालली आहे, आणि छप्परवाल्या मुकादमाने आडनाव सोडून आपल्या कामाच्या बाजूने मत दिलं.

अर्थात पदवीने सगळं उलगडतं असंही नाही, नाहीतर आमच्या कॉलिन काउंटीचं काय करायचं? इथे पदवीधरांचा सुकाळ. रॉम्नींना ६५ टक्के होते, २०२० मध्ये ट्रम्प ५१ वर आले. डेमोक्रॅट म्हणाले, आता पुढच्या वेळी खिशात. पुढच्या वेळी ट्रम्प ५४. त्यात आपल्या देसी मंडळींचाही वाटा आहे. कार्नेगी या अभ्याससंस्थेच्या पाहण्यांत २०२० ला भारतीय अमेरिकनांत साधारण पाचातला एक ट्रम्पकडे होता, २०२४ ला जवळपास तिघांतला एक. आमच्या मराठी ग्रुपवर तेव्हा "आम्ही रांगेत उभं राहून आलो, त्यांनीही यावं" या धर्तीचे मेसेज रोज पडायचे. १९ सप्टेंबर २०२५ च्या शुक्रवारी एच-१बीच्या अर्जाला एक लाख डॉलर फीचा आदेश निघाला. तो फक्त नव्या अर्जांना आहे हे शनिवारी स्पष्ट होईपर्यंत ग्रुपवर नुसते विमानाच्या तिकिटांचे भाव फिरत होते, कुणाचा भाचा नागपुरात, कुणाची सून साताऱ्यात अडकलेली. रांगेवाले मेसेज त्यानंतर जरा विरळ झालेत.

तिकडे हिस्पॅनिक मतही परत हललं. न्यू जर्सीतली पसेक काउंटी २०२४ ला ट्रम्पकडे गेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये गव्हर्नरपदासाठी तिने डेमोक्रॅट मिकी शेरिल यांना भरघोस आघाडी दिली. डिसेंबरमध्ये मायामीला जवळपास तीस वर्षांनी डेमोक्रॅट महापौर मिळाल्या. किराण्याचं बिल उतरलं नव्हतं, आणि बेकायदा स्थलांतरितांची धरपकड गुन्हेगारांपुरती न राहता गवंड्यांपर्यंत आली होती. डेमोक्रॅट मंडळी लगेच 'आले बघा घरी' म्हणत हार घेऊन उभी राहिली. लोक रागावून एका दुकानातून बाहेर पडले आहेत, तुमच्या दुकानात काय माल आहे ते अजून त्यांनी पाहिलेलं नाही, हे यांना कोण सांगणार?

आणि रिपब्लिकन? त्यांनी २०२५ च्या उन्हाळ्यात टेक्ससचे संसदीय मतदारसंघ मुदतीआधीच नव्याने आखले, पाच जादा जागा काढायच्या म्हणून. त्या पाचांपैकी बहुतेक ठिकाणी हिस्पॅनिक मतदार बहुसंख्य आहेत, आणि सगळं गणित २०२४ चे आकडे धरून मांडलंय. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात नकाशा वापरायला मोकळीक दिली. आमचा मुकादम कुणाकडे झुकणार हे त्यांनी नकाशात आधीच भरून ठेवलंय. त्याला विचारलेलं मात्र दिसत नाही.