चिंच, पेव्हर ब्लॉक आणि लेवीय २३:१४

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. आमच्या चर्चच्या आवारातली चिंच तोडायचा ठराव आला तेव्हा मी चर्चच्या कारभारी मंडळात पंच होतो, आणि माझाही हात वर होता.

कारणं अगदी रीतसर होती. पाला पडतो. चिंचा पाडायला पोरं दगड मारतात. पाखरं गाड्यांवर घाण करतात. मुळं उद्या भिंतीत शिरतील. आणि मुख्य म्हणजे नाताळच्या आत आवार ‘चांगलं दिसलं’ पाहिजे. दोन दिवसांत झाड आडवं झालं, पंधरवड्यात पेव्हर ब्लॉक बसले. लाकडाचे आलेले पैसे पुढच्या रविवारी विशेष दान म्हणून वाचून दाखवले गेले. तेव्हा सगळ्यांबरोबर मीही ‘आमेन’ म्हटलं असणार.

कुंपणाच्या बाहेरून, त्याच चिंचेच्या सावलीला बाजाराच्या दिवशी एक भाजीवाली मावशी बसायची. आपल्या मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चची, नव्हे. तिनं मला थांबवून विचारलं, “कसाले तोडं रे भाऊ ते झाड?”

“पार्किंगसाठी, मावशी.”

ती पुढे काहीच बोलली नाही. भाजीवर ओलं पोतं टाकलं आणि टोपली ओढत समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली गेली. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, उत्तर द्यायची सवय आहे. त्या दिवशी उत्तर दिल्यावर जितका ओशाळलो तितका कधी ओशाळलो नव्हतो.

खान्देशातला मे महिना कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. पारा ४४-४५ ला टेकतो. वर पत्रा, खाली पेव्हर. साडेदहाची उपासना आठला आणावी लागली. कूलर आले. कूलरला पाणी लागतं, बोअर मार्चनंतर हवा फेकतो, म्हणून टँकर आला. एका चिंचेनं हे सगळं अडवलं असतं असं मी म्हणणार नाही, उन्हाळा तेव्हाही होताच. पण संडे स्कूल त्या झाडाखाली भरायची, ती बंद पडली. हा हिशोब कुठल्याच ताळेबंदात आला नाही.

तर यंदा ५ जूनला, पर्यावरण दिनाला, पाळकसाहेबांनी मला ‘पर्यावरण आणि ख्रिस्ती विश्वास’ यावर बोलायला सांगितलं. निवृत्त शिक्षक दिसला की असले विषय त्याच्या गळ्यात पडतात. ज्यानं झाड तोडायला हात वर केला त्यानंच बोलायचं! म्हणून जरा मनापासून वाचलं. ते इथे लिहितोय, कारण त्या दिवशी पंधरा मिनिटांत सगळं सांगता आलं नाही, आणि जे सांगितलं त्यातलं अर्धं लोकांना आवडलं नाही.

पहिली गोष्ट आपल्यावरच्या आरोपाची. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलं की निसर्गाच्या आजच्या दुर्दशेचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे. माणूस सृष्टीचा मालक आणि बाकी सगळं त्याच्या वापरासाठी, ही ती शिकवण. आपण चटकन रागावतो. पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पृथ्वी ‘सत्तेखाली आणा’ असं आहेच की. आणि आपण तेवढंच पाठ केलं. दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेत ठेवलं ते कशासाठी? मराठी बायबलमध्ये शब्द आहेत ‘मशागत’ आणि ‘राखण’. शेतकऱ्याच्या घरात या दोन शब्दांवर वेगळं प्रवचन लागत नाही. राखण करणारा माचाणावर बसून रात्र जागतो, आणि शेत त्याचं नसतं, मालकाचं असतं. तो व्हाइट स्वतः ख्रिस्ती होता, आणि लेखाच्या शेवटी त्यानं असिसीच्या संत फ्रान्सिसचंच नाव पुढे केलं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच बाकावरून आला. एक भाऊ म्हणाले, “सर, पेत्राच्या पत्रात लिहिलंय की शेवटी हे सगळं जळून जाणार. प्रभू येणारच आहे. मग झाडं कशाला लावत बसायची?” मी म्हटलं, भाऊ, मग पेव्हर ब्लॉक कशाला बसवले? दहा वर्षांची गॅरंटी घेऊन? लोक हसले. ते भाऊ मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तिसरा म्हणाला, हे पोपचं खूळ आहे, आपण प्रॉटेस्टंट. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पत्र २०१५ सालचं. ते फक्त कॅथलिकांना लिहिलेलं नाही, या पृथ्वीवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाला उद्देशून आहे. सुरुवातीलाच संत फ्रान्सिसच्या स्तोत्राचा आधार घेऊन धरतीला बहीण म्हटलंय, आई म्हटलंय. शेताला काळी आई म्हणणाऱ्या मुलखात हे रोमहून यायची वाट पाहायला नको होती. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळी तर आपल्या सगळ्यांच्या पुढे होती. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस त्यांच्या कुलपतींनी, म्हणजे धर्मप्रमुखांनी, १९८९ मध्येच ठरवला. पुढचे कुलपती बार्थोलोम्यू यांनी १९९७ मध्ये निसर्गाविरुद्धच्या गुन्ह्याला सरळ ‘पाप’ म्हटलं. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आपण दारूला पाप म्हणतो, तंबाखूला म्हणतो, सिनेमालाही म्हणून झालं. नाल्यात कचरा ओतण्याला कधी म्हटलंय?

आता मुद्द्याचं. हेच लोकांना आवडलं नाही.

माझी आजी नवापूरकडची. आमचं आदिवासी घर, बाप्तिस्मा आजोबांच्या पिढीत झालेला. सातपुड्यात आणि आमच्या त्या पट्ट्यात पावसाळ्यात नीलचारी नावाची पूजा होते. गावागणिक रीत थोडी वेगळी, पण गाभा एकच: रानात नवं हिरवं उगवलं तरी पूजा होईपर्यंत ते खुडून खायचं नाही. घरात डाळ संपलेली असो, भाजी दारात उगवलेली असो, थांबायचं. तसाच वाघदेव. त्याच्या आसपासचं झाड कुणी तोडायचं नाही.

बाप्तिस्मा झाला आणि हे सगळं एका दिवसात मूर्तिपूजा झालं. मिशनरी भले लोक होते. शाळा काढल्या, दवाखाने काढले, आज मी चार अक्षरं लिहितोय ती त्यांच्यामुळे, हे विसरणार नाही. पण रीत टाकताना तिच्या पोटातला नियमही टाकला गेला. देव बदलला ते ठीक. कुऱ्हाड अडवणाराही त्याच्याबरोबर गेला, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी बसवायचं राहून गेलं.

आजी मात्र हट्टी. उपासना चुकवायची नाही, गीतं पाठ, पण पावसाळ्यातली पहिली रानभाजी ती प्रार्थना केल्याशिवाय शिजवू द्यायची नाही. आणि ती प्रार्थना कधी करायची हे तीच ठरवायची. आम्ही पोरं भाजी हातात घेऊन उभी, आणि ती म्हणायची, अजून नाही, वाढू दे. मंडळीच्या एका सेवकानं, म्हणजे उपदेशकानं, तिला अंधश्रद्धा म्हणून टोकलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी तेच केलं.

या जूनच्या भाषणासाठी वाचताना बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा २३वा अध्याय समोर आला. कित्येकदा वाचलेला अध्याय, सणांची यादी म्हणून डोळे पुढे सरकतात. चौदाव्या वचनात काय आहे? पहिल्या पिकाची पेंढी देवापुढे आणाल त्या दिवसापर्यंत भाकर, हुरडा, नवं धान्य, काहीही खाऊ नका. मी ते दोनदा वाचलं. ही आजीच! सेवकानं ज्याला अंधश्रद्धा म्हटलं ते मोशेच्या नियमशास्त्रात लिहिलेलं होतं, आणि आजीला अक्षरओळख नव्हती.

हे लिहिलं की दोन्हीकडून बोलणी बसतील हे ठाऊक आहे. एकीकडून, सर आता जुन्या देवांकडे परत निघाले. दुसरीकडून, बघा, कबूल केलं ना, मग या परत. दोघांनाही हात जोडून सलाम. मी कुठेही चाललेलो नाही. माझं म्हणणं एवढंच की ‘थांब’ म्हणणारा नियम आमच्या शास्त्रात होता, आमच्या रानातही होता, आणि आम्ही दोन्हीकडचा सोडला. त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आज्ञा आहे, जमिनीला शब्बाथ. रावेर-यावलकडे केळीसाठी बोअर खोल खोल चाललेत आणि पाणी त्यांच्याही पुढे खोल पळतंय. तिथल्या कुठल्या मंडळीत या अध्यायावर संदेश झाला असेल तर मला नक्की कळवा, मी ऐकायला येईन. आणि ‘पाण्यावर बंधनं घालून शेती होत नाही’ म्हणणाऱ्यांनी धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची जुनी फड पद्धत आठवावी. बंधाऱ्याचं पाणी पाटानं यायचं, कोणत्या फडात, म्हणजे शेतांच्या कोणत्या गटात, कोणतं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाटकरी पाळीनं पाणी द्यायचा. शेकडो वर्षं चाललं ते.

म्हणून ५ जूनच्या वृक्षारोपणाबद्दल माझं मत जरा कडू आहे. एक रोप, अकरा हात, एक बॅनर, फोटो. पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात नवं रोप. लावण्यात आपण पटाईत आहोत, थांबण्याचं कुणी बोलत नाही. जिथे खरोखर काही झालं तिथे सुरुवात कशानं झाली ते बघा. नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी पाणलोटाचं काम उभं केलं. त्यात गावाला आधी कबूल करावं लागायचं: कुऱ्हाडबंदी, मोकाट चराईला बंदी, श्रमदान. त्यानंतरच पैसा. आपल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचंही तेच. चारशे हेक्टरांहून जास्त जंगल गावानं राखलं, तोडणाऱ्याला दंड लावून. या कामाचं नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची वाट वेगळी, आपली वेगळी, म्हणून शिकायचं नाही असं थोडंच आहे? आमच्या तरुण संघाची सहल दरवर्षी सापुताऱ्याला जाते. एकदा बारीपाड्याला जाऊन या, जेवणही झकास मिळेल.

आणि हे फक्त कॅथलिक फादरांचं काम आहे असंही नाही, जरी वसईत बिल्डर आणि टँकरवाल्यांसमोर उभे राहिलेले फादर दिब्रिटोच होते हे खरं. उत्तर इथिओपियात जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चभोवती जंगलाचे गोल तुकडे उरलेत. आजूबाजूचं सगळं रान शेतीनं खाल्लं, चर्चभोवतीचं राहिलं, कारण लोक त्याला चर्चचाच भाग मानतात. वरून काढलेले फोटो पाहिले. पिवळ्या माळावर हिरवे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध चर्चचं छप्पर. गुरं आत शिरू नयेत म्हणून अलीकडे तिथल्या लोकांनी कडेनं दगडी भिंती रचल्या. देवराई म्हणतो ना आपण, तेच. आमच्या चर्चचा वरून फोटो काढला तर पत्रा आणि पेव्हर दिसेल, आणि चिंचेच्या जागी कुणाची तरी बोलेरो.

भाषणाच्या शेवटी मी तीन गोष्टी मागितल्या. आवाराच्या दोन बाजूंचे पेव्हर काढून पाणी मुरायला माती मोकळी करायची: ठराव ‘पुढील बैठकीत’ गेला, अजून तिथेच आहे. नुसती सेवक-पंचांची संमती पुरे नाही, सगळ्या मंडळीला विचारल्याशिवाय आवारातलं झाड तोडायचं नाही: यावर बरीच वादावादी झाली, कारण आता तोडायला फक्त एक अशोक उरलाय. तिसरी गोष्ट सुगीच्या सणाच्या जेवणाची. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी आमच्या पंगतीला ती कुठून यायची देव जाणे. मी म्हटलं, प्रत्येकानं आपलं ताट-वाटी-पेला घरून आणायचा.

पंच गप्प बसले. महिला मंडळानं मात्र तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, “सर, आणायला सांगू, पण जो आणणार नाही त्याला ताट मिळणार नाही. दुसऱ्याचं रिकामं झालं की धुऊन घ्यायचं.” झाली की नाही बंदी!

सण झाला. बाजरी, मका, डांगर, कोंबड्या, अंडी, सगळं वेदीपुढे आलं, लिलावही झाला. एका डांगराला जी बोली लागली त्यात बाजारात दहा आले असते. मग वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची पंगत बसली. स्टीलच्या ताटांचा असा खणखणाट मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. कुणाच्या ताटावर लग्नातलं नाव कोरलेलं, कुणी शाळेचा डबाच आणलेला.

मी लिलावाच्या गडबडीत सकाळी लवकर निघालो होतो. ताट घरी ओट्यावरच राहिलं होतं. अध्यक्षबाईंनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि नळाजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे आधीच दोघं बसले होते. त्यातले एक पेत्राचं पत्र सांगणारे भाऊ. जून महिन्यानंतर पहिल्यांदाच ते सरकले आणि मला जागा दिली.