होतकरू ख्यालगायकांस अर्थविषयक सूचना

गुरूंसमोर पंधरा-वीस वर्षे बसून आपण षड्ज (म्हणजे सा) लावायला शिकला असाल, तर आपले अभिनंदन. मात्र त्यावर उदरनिर्वाह करायचा असेल, तर आता गजर लावायला शिकावे. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर एखादे ध्वनिमुद्रण ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले असे धरतात, आणि त्यापुढे श्रोता चाळीस मिनिटे डोळे मिटून बसला तरी हिशेबात एकाचे दोन होत नाहीत. अतिविलंबित, म्हणजे फार संथ, एकतालाचे एक आवर्तन (तालाचा एक फेरा) जवळपास मिनिटभर चालते, म्हणजे आपण समेवर, फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधीच आपली कमाई आटोपलेली असते. पुढची बढत (रागाचा सावकाश विस्तार), बोल-ताना आणि ताना हा निव्वळ धर्मादाय होय. म्हणून मारवा राग गायचा झाल्यास त्याचे एकतीस-एकतीस सेकंदांचे तुकडे पाडावेत, आणि या रागात षड्ज फार वाट पाहायला लावून येत असल्यामुळे तो ज्या तुकड्यात येईल, त्याला वेगळे नाव व भडक मुखपृष्ठ द्यावे.

कोणी परंपरेचा प्रश्न काढलाच, तर १९०२ साली गायिका गौहरजान यांनी तबकडीच्या जेमतेम तीन मिनिटांत राग बसवून शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगितले होते, याची आठवण करून द्यावी. (बाई त्यासाठी घसघशीत बिदागी घेत, हा तपशील गौण समजावा.) आपण नाव सुरुवातीलाच सांगावे, कारण शेवटपर्यंत थांबण्याची श्रोत्यांवर सक्ती नाही.

एखादे ध्वनिमुद्रण मागील बारा महिन्यांत १००० वेळा ऐकले गेले नाही, तर २०२४ पासून स्पॉटिफायकडून त्याचे मानधनच मिळत नाही. ते पैसे वाया जातात असे मात्र समजू नये. ते अधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या वाट्यात जमा होतात, म्हणजे ख्यालगायकाकडून फिल्मी संगीताला परस्पर देणगी मिळते, आणि तीही पावतीशिवाय. आपल्या डोंबिवलीच्या मावशी वर्गणी भरून महिनाभर केवळ आपलेच गाणे ऐकत असतील, तरी त्यांचे पैसे एका सामाईक राशीत पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा हिस्सा त्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे त्यांतले बहुतेक अशा गायकांकडे जातात, ज्यांचा आवाज कानी पडताच मावशी खिडकी लावून घेतात. यावर उपाय म्हणून मावशींना चार फोनांवर आपले गाणे रात्रभर वाजत ठेवायला सांगण्याचा मोह आवरावा, कारण कृत्रिम ऐकणे पकडले गेल्यास होणारा दंड, आपले गाणे स्पॉटिफायवर चढवणाऱ्या वितरकामार्फत आपल्याच दारी येण्याचा संभव आहे. त्यापेक्षा कंपनीची शिफारस-योजना पत्करावी; तीत ३० टक्के मानधन सोडले की आपले गाणे अनोळखी लोकांपुढे अधिक वेळा ठेवले जाते, आणि ते तितक्याच वेळा टाळून पुढच्या गाण्याकडे जाण्याची सोय त्यांना मिळते.

राहिले साथीदार. तबलजी व पेटीवाले यांनी मानधनाचा विषय काढल्यास त्यांना फोनवर ऐकणाऱ्यांचा आकडा दाखवावा आणि हिशेब पुढच्या तिमाहीत करू असे सांगावे. ते आकड्याचे तोंडभरून कौतुक करतील आणि मग रिक्षाचे पैसे मागतील. ते मात्र रोख द्यावेत.