लागलेल्या पुस्तकावर अभिप्राय कसा द्यावा

अभिनंदन. तुम्हाला पुस्तक लागलं. लॉटरी लागते, ठेच लागते, तसं हल्ली प्रकाशकांच्या गिव्हअवेत, म्हणजे फुकट प्रतींच्या सोडतीत, पुस्तकही लागतं. पेज फॉलो केलंत, तीन मैत्रिणींना टॅग केलंत (त्यांतली एक बहुधा तुमचंच दुसरं अकाउंट), स्टोरी चोवीस तास मिरवलीत आणि चिठ्ठीत नाव निघालं. आता एकच काम उरलं: अभिप्राय.

गेल्या महिन्यात आमच्या प्रकाशनाच्या एका कादंबरीच्या दहा प्रती पुण्याच्या नारायण पेठेतून अशाच दहा विजेत्यांकडे रवाना झाल्या. आठ अभिप्राय आले. आठही वाचले, काही दोनदा वाचले. त्या अभ्यासातून जे हाती आलं ते पुढच्या विजेत्यांच्या सोयीसाठी इथे देत आहे.

सुरुवात पत्त्यापासून. पिनकोड देऊ नका. 'गणपती मंदिरासमोर, कोथरूड' एवढं पुरे. ४११ प्रकाशकाला पाठ असतं, पुढचे तीन आकडे त्याने ओळखावेत. 'जवळच राहता, तर येऊन घेऊन जाता का?' असं विचारलं तर 'पेठेत पार्किंग नसतं हो' म्हणा. खरंच नसतं. या सगळ्या व्यवहारातलं तेवढं एक वाक्य तरी खरं ठरेल.

पार्सल आलं की आधी पाकीट तपासा, पुस्तक नंतर. कोपरा दुमडलेला दिसला की दोन तारे कापा आणि लिहा, 'पुस्तक ठीक, पण पॅकिंग निराशाजनक.' कोपरा का दुमडला याचा विचार करू नका. करायचाच असेल तर हिशोब असा आहे: डेमी आकार (नेहमीच्या कादंबरीचा), २०८ पानं, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद आणि वर कव्हर, म्हणजे वजन साधारण २४० ग्रॅम. स्पीड पोस्टाच्या दराचा टप्पा २५० ग्रॅमला बदलतो. पातळ पाकिटात पुस्तक कसंबसं आत बसतं, दोन बाजूंना पुठ्ठा घातला की पुढच्या टप्प्यात जातं. म्हणून पुठ्ठा नाही, म्हणून कोपरा. छापील पुस्तकांसाठी स्वस्त पडणारं नोंदणीकृत बुकपोस्ट होतं, ते टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं. पुढच्या वर्षी रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. यातलं काहीच लेखिकेने केलेलं नाही, पण तारे मात्र तिच्याच नावापुढे कापले जातात. छान सोय आहे.

आता फोटो. हा विषय जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण खरं साहित्य हल्ली इथेच घडतं.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या एखाद्या कॅफेत खिडकीजवळचं टेबल पकडा. कॉफी डावीकडे, चश्मा उजवीकडे (नंबर नसला तरी चालेल), मध्ये पुस्तक. पुस्तक बरोब्बर मध्यावर उघडा आणि दोन्ही तळव्यांनी दाबून सपाट करा. कट् असा आवाज येईल. आवाज आला म्हणजे फोटो चांगला येणार.

तो आवाज कसला, हे कॅप्शनमध्ये लिहू नका. परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे नुसत्या गोंदाच्या बांधणीत, फर्म्यांच्या (घडी घातलेल्या छापील कागदांच्या) घड्या पाठीकडून तासून काढतात, सुटी झालेली पानं एकत्र धरून त्यांच्या कडेला गरम हॉटमेल्ट गोंद लावतात आणि वर कव्हर चिकटवतात. दोरा नसतोच. थंड झालेला हा गोंद ताठ असतो, एका जागी पूर्ण उलगडला की तिथे चिरतो. मग त्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पानं आज ना उद्या सुटतात. जुजबंदीचं, म्हणजे दोऱ्याने शिवलेलं पुस्तक सपाट उघडतं. पण शिलाईचा खर्च किमतीत धरला की तुम्हीच म्हणणार, 'दोनशे पानांना एवढे?' नवं पुस्तक उघडायची एक साधी रीत आहे. पाठ टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरायचं, दोन्ही कव्हरं आडवी होऊ द्यायची, मग पुढून आठ-दहा पानं, मागून आठ-दहा पानं, अशी आळीपाळीने हलकेच दाबत मध्यापर्यंत यायचं. दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात कॉफीवरची नक्षी विरते, तेव्हा हे काही करू नका. पाठ मोडा, फोटो काढा, चार दिवसांनी पानं हातात आली की दुसरी पोस्ट टाका: 'बाइंडिंगचा दर्जा अत्यंत निकृष्ट. प्रकाशकांनी लक्ष द्यावे.' एका मोडक्या पाठीत दोन पोस्टी निघाल्या. हात जोडले तुम्हाला.

फोटोत पान दाखवायचं असेल तर दहावं-बारावं दाखवा. त्याच्या पुढे गेलात तर वाचावं लागेल.

मजकुराकडे येऊ. मलपृष्ठ हा तुमचा सखा. तिथलं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य घ्या, मधलं सोडा, क्रियापदं बदला. मलपृष्ठावर 'वेध घेते' असेल तर 'वेध घेणारी' करा. झालं परीक्षण. शिवाय खालील डबे लागतील तसे उघडा: ओघवती भाषा, डोळ्यांसमोर उभं राहणारं चित्रण, अंतर्मुख करणारा शेवट, प्रत्येकाच्या संग्रही असावं असं पुस्तक, नक्की वाचा. हे डबे कोणत्याही पुस्तकाला बसतात. स्वयंपाकाच्या पुस्तकाला 'अंतर्मुख' बसवलेलं प्रत्यक्ष पाहण्यात आलं आहे.

गोष्ट सांगायची असेल तर शेवट सांगा. सुरुवात मलपृष्ठावर असतेच.

चॅटबॉटकडून लिहून घेतलंत तर तळाची 'आणखी संक्षिप्त आवृत्ती हवी आहे का?' ही ओळ काढायला विसरू नका.

'एका बैठकीत वाचून काढलं' हे वाक्य कसोटीचं आहे, ते वापरायलाच हवं. फक्त घड्याळाकडे लक्ष असू द्या. डेमीच्या पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात. २०८ पानांचे झाले ५० हजारांच्या आसपास. मिनिटाला दोनशे शब्द वाचणारा माणूस न उठता, न जेवता, फोन न बघता वाचत बसला तरी चार तासांहून जास्त वेळ लागतो. ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दुपारी तीन दहाला आणि 'एका बैठकीत' चार वाजून पाच मिनिटांनी, असं असलं तर ती बैठक रिक्षातली असणार. ट्रॅकिंग नंबर पाठवणाऱ्याकडेही असतो, ही गोष्ट विजेत्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

पुस्तक फुकट मिळालं हे सांगायचं नाही. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले. फुकट मिळालेली वस्तू, अगदी स्पर्धेतून मिळालेली असली तरी, तिच्याबद्दल पोस्ट करताना तसं ठळक सांगावं, असा त्यांचा अर्थ. पण ते नियम साबण-शांपूवाल्यांसाठी. आपण साहित्यसेवा करतो. शिवाय 'भेट प्रत' असं लिहिलं तर 'स्वतः विकत घेतलेल्या पुस्तकांवरच लिहिते' हे बायोमधलं वाक्य काढावं लागेल.

काम झालं की प्रत अप्पा बळवंत चौकात नेऊन विका. 'भेट प्रत' असा शिक्का असलेलं पान आधी फाडा.

इथे एक कबुली देणं भाग आहे. प्रकाशकही धुतल्या तांदळासारखे नाहीत. 'पाच तारे द्या ना प्लीज' असे मेसेज आम्हीच पाठवतो. पहिली आवृत्ती तीनशे प्रतींची काढतो आणि सहा महिन्यांनी 'दुसरी आवृत्ती' असं मिरवतो. तुमचं 'ओघवती भाषा' उचलून पुढच्या मलपृष्ठावर छापतो, मग पुढचा विजेता ते तिथून उचलतो. बिनखर्चाचं चक्र आहे. फिरू द्या.

तरी एक विचारावंसं वाटतं. फुकट प्रत ही काही कालची गोष्ट नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला प्रत्येक नव्या पुस्तकाच्या चार प्रती प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने पाठवाव्या लागतात, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक. त्यांतल्या कुणीही कोपऱ्याबद्दल अजून तारा कापलेला नाही. मासिकांना 'अभिप्रायार्थ' म्हणून दोन प्रती पाठवायची पद्धत तर जुनीच. परीक्षण लिहायला वेळ नसला, जागा नसली किंवा पुस्तक त्या लायकीचं वाटलं नाही, तर संपादक शेवटच्या पानावर 'साभार पोच' या सदरात पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव छापून मोकळा व्हायचा. पुस्तक मिळालं, आभार. ते वाचलं असा दावा त्यात नसायचा. गुडरीड्स या वाचकांच्या साइटवरच्या गिव्हअवेतसुद्धा विजेत्याने अभिप्राय दिलाच पाहिजे अशी सक्ती नाही. तुमच्यावरही नव्हती. अटी तीनच होत्या. चौथी तुम्ही स्वतः होऊन पाळलीत.

आता त्या कादंबरीबद्दल.

फर्मा म्हणजे १६ पानांची घडी. २०८ पानं म्हणजे तेरा फर्मे. बाइंडरकडे त्यांचे तेरा गठ्ठे ओळीने मांडतात, प्रत्येकातून एकेक घडी उचलून पुस्तक जुळवतात. घडीच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, दर फर्म्याला ती जरा खाली सरकते. सगळं बरोबर असेल तर जुळवलेल्या पुस्तकाच्या पाठीवर खुणांची सरळ पायरी दिसते. या वेळी एका खेपेला सातव्या फर्म्याच्या जागी सहाव्याचाच दुसरा गठ्ठा मांडला गेला. पायरी मोडली होती, पण कुणी पाहिली नाही. पाठ तासली, गोंद लागला, खूण पुसली गेली. तपासायला हवं होतं आम्हीच. चूक आमची, त्यात वाद नाही.

त्यामुळे त्या खेपेच्या प्रतींत ८१ ते ९६ ही पानं दोनदा आहेत आणि ९७ ते ११२ ही पानं नाहीतच. गिव्हअवेच्या दहाही प्रती त्याच खेपेतल्या.

हे कळलं कसं? दुकानातून पैसे मोजून प्रत घेतलेल्या एका गृहस्थांनी तिसऱ्या दिवशी फोन केला. 'अहो, त्या मुलीचे वडील गेले कधी? शहाण्णव पानावर ते चहा पितात, पुन्हा एक्याऐंशीपासून तेच सगळं, आणि एकशे तेरावर एकदम तेराव्याचा स्वयंपाक चाललाय.' बरोबर आहे. वडील १०४ व्या पानावर जातात. अख्खी कादंबरी त्या सोळा पानांवर उभी आहे.

आणि तुम्ही आठ जण? 'वडील-मुलीच्या नात्याचे पदर हळुवार उलगडले आहेत.' कुठल्या पानावर उलगडले? 'कथानक कुठेही रेंगाळत नाही.' अहो, सोळा पानं अक्षरशः दोनदा आहेत! त्याच ओळी, तोच चहा, तीच मांजर. 'वडिलांचा मृत्यू वाचताना डोळे पाणावले' असंही एकाने लिहिलंय. तो मृत्यू तुमच्या प्रतीत नाही. छापलेलाच नाही! डोळे कशाने पाणावले, कांदा चिरत होतात काय?

वाईट लिहायला कुणी मना केलं होतं? 'कंटाळलो, चाळिसाव्या पानावर सोडलं' असं लिहिलं असतंत तर लेखिकेला काहीतरी मिळालं असतं. 'अजून वाचलं नाही' लिहिलं असतंत तरी चाललं असतं. गप्प बसला असतात तर फारच उत्तम. सहा वर्षं लिहीत होती ती. तुमचे आठही अभिप्राय तिने जपून ठेवले होते. फर्म्याची गोष्ट तिला सांगावीच लागली, तेव्हा ते आठही तिने पुन्हा काढून वाचले. मग तिने एकच प्रश्न विचारला: 'म्हणजे कुणीच नाही का?' याचं उत्तर आम्ही काय द्यायचं? लाज वाटत नाही?

दहाही जणांनी आज आपापली प्रत काढा. ९६ चं पान उघडा. समोर ८१ दिसलं तर प्रत परत पाठवा. बदलून देऊ, टपालखर्च दोन्ही बाजूंचा आमचा, या वेळी पुठ्ठा घालून. शिक्क्याचं पान फाडलेलं असलं तरी घेऊ, काही विचारणार नाही. तेवढा तो अभिप्राय आधी काढून टाका. आणि नवी प्रत आली की ९७ पासून नका वाचू. पहिल्या पानापासून वाचा.