टेकू

ओट्यावरचं खरकटं फडक्याने थेट सिंकमध्ये लोटता यावं, एवढीच बायकोची इच्छा होती. जुन्या सिंकची कड ओट्याच्या वर यायची आणि तिच्या खाचेत पंधरा वर्षांचं बेसन, चहाचा चोथा आणि बहुधा एका मोदकाची पारी थरावर थर बसून दगड झाली होती. "अंडरमाउंट घेऊ. ते खालून बसतं, कड वर येतच नाही," ती म्हणाली. खालून बसवलेली गोष्ट खाली पडू शकते, हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

भवानी पेठेत बाबाही आले. खिशात फ्रिजवरचा विठोबा, म्हणजे लोहचुंबकाचा. "304 ग्रेडच्या स्टीलला चिकटत नाही," म्हणत त्यांनी दुकानातलं एकेक सिंक तपासलं. आम्हाला आवडलेल्या सिंकच्या तळाला विठोबा चिकटला नाही, पण कोपऱ्यात जरा रेंगाळला. दुकानदार म्हणाला, "काका, पत्रा दाबून वळवतात ना, तिथे 304सुद्धा थोडं ओढतं." हे खरं आहे, मी नंतर वाचलं. बाबा मात्र घरी येईपर्यंत पुटपुटत होते, "म्हणजे विठोबा खोटं बोलतो?"

24 बाय 18, खोली 9 इंच. त्या खोलीचं सगळ्यांनी कौतुक केलं. कुकर आडवा मावेल म्हणे.

ग्रॅनाईटवाल्याने ओट्याखाली डोकं घातलं आणि तिथूनच बोलला, "साहेब, जुन्या सिंकला कापलेली धार कडेखाली झाकली जायची. आता ती उघडी राहणार. पॉलिश मारावं लागेल." मग बाहेर येऊन, "रनिंग फुटाने." शिवाय ग्रॅनाईटच्या खाली कडप्पा. तो आणखी मागे कापला नाही, तर सिंकची कड ग्रॅनाईटला टेकणारच नाही. थोडक्यात, भोक मोठं करायचं होतं. ओट्यालाही आणि मलाही.

ग्रायंडर सुरू झाला. हेल्परने बाटलीतून पाणी ओतत राहायचं, म्हणजे धूळ उडत नाही, असं ठरलं होतं. हेल्परला फोन आला. त्यानंतर आमच्या घरात हळदही राखाडी होती.

तीन दिवस भांडी बाथरूममध्ये. आंघोळीला गेलं की आधी कढई बाहेर काढायची.

मधल्या काळात प्लंबर म्हणाला, सिंक बसवणं ग्रॅनाईटवाल्याचं काम. ग्रॅनाईटवाला म्हणाला, पाण्याचं काही असलं की प्लंबर. शेवटी मी दोघांना एकाच वेळी बोलावलं आणि बायकोने कांदेपोहे केले. स्थळ एकमेकांना पसंत पडायला दोन बश्या लागल्या.

सिलिकॉन लावून सिंक खालून वर दाबलं. आता ते वाळेपर्यंत वर धरायचं कोणी? मिस्त्रीने स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. उलटी बादली, तिच्यावर आईचा पितळी फुल्यांचा पाट, वर उरलेल्या फटीत चार दिवाळी अंक. चौथा जाड पडला, म्हणून जाहिराती कमी असलेला शोधावा लागला. "चोवीस तास हलवायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "पाणी तर नाहीच नाही."

चोवीस तास झाले. तरी तो टेकू काढायची हिंमत कोणाला होईना. बायको म्हणाली, राहू दे अजून एक दिवस. बाबा म्हणाले, राहू दे कायमचाच, काय बिघडतंय?

सकाळी सुमनमावशी भांड्यांना आल्या. नव्या सिंकसमोर उभ्या राहिल्या, आत हात घातला. उंची पाच फुटांच्या आतबाहेर. बोटं तळाशी पोचेनात.

"ताई, एवढं खोल कशाला हो घेतलं? विहीर आहे का?" म्हणत त्या खाली वाकल्या आणि आम्ही ओरडायच्या आत त्यांनी बादलीवरचा पाट खस्सकन ओढला. दिवाळी अंक धपाधप पडले. आम्ही तिघेही श्वास धरून सिंककडे बघत होतो.

सिंक जागच्या जागी.

मावशी पाट जमिनीवर टाकून त्यावर चढल्या, नळ सोडला आणि म्हणाल्या, "घासणी द्या."