तान्ह्याच्या तोंडाला मध-टाकणखार लावू नका

सोलापुरात आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय: ‘बाळाच्या जिभेवर पांढरं दिसलं की मधात टाकणखार कालवून चोळा.’ हात जोडून सांगते, हे करू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार) होऊ शकतो आणि टाकणखार पोटात गेला तर विषारी.

दुधाचा थर ओल्या फडक्याने पुसला जातो. जो निघत नाही, खरवडला तर खाली लालभडक दिसतं, ती बहुधा कॅन्डिडा बुरशी. डॉक्टर निस्टॅटिन या बुरशीनाशक औषधाचे थेंब देतात. आईची स्तनाग्रं दुखत, जळजळत असतील तर तिच्यावरही उपचार हवेत. माझ्या भाचीचं तेच राहिलं, आणि बाळाला पुन्हा झालं. अंगावरचं दूध मात्र चालूच ठेवा.