मसालेदार सेझाँचे परीक्षक व्हा, एका बैठकीत

सांगलीत बसून मसालेदार सेझाँचं, म्हणजे बेल्जियन धाटणीच्या एका कोरड्या बिअरचं, परीक्षण करायचं तर जीभ नसली तरी चालेल, चेहरा परीक्षकाचा हवा. भुवया किंचित वर, ग्लास उजेडाकडे धरलेला आणि तोंडातून फक्त "हं". एवढं जमलं की निम्मं काम झालं.

बाटली पुण्याहून आणा, एप्रिलात, डिकीत आडवी टाकून. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, तो हायवेच्या खड्ड्यांनी नीट घुसळून निघाला पाहिजे. दिवसभर फ्रीजमध्ये उभी ठेवून गाळ बसू देणं, ओतताना तळाचा बोटभर भाग बाटलीत राखणं, हे ज्यांना निकालाची घाई नाही त्यांचे उद्योग. काच हिरवी असेल तर बाटल्या आधी तासभर गच्चीवर उन्हात मांडा. हॉपमधल्या (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडू द्रव्यांवर उजेड पडला की काही मिनिटांतच गंधकासारखा उग्र दर्प तयार होतो. तो आला की डोळे मिटून "रानवट" म्हणा आणि वासाला भरभरून गुण द्या.

बिअर दात शिवशिवतील इतकी थंड हवी. ७ ते १० अंशांना सेझाँचा वास उघडतो, म्हणजे दोषही उघडे पडतात. २ अंशांवर सगळ्या बिअर सारख्याच चांगल्या. ग्लास भांड्यांच्या साबणाने धुवा आणि घाईत विसळा. सोबत भडंग हवंच. लसूण, तिखट आणि शेंगदाण्यांनी जिभेचा बंदोबस्त होतो, वर तेलकट ओठ काठाला लागले की काय होतं ते एकदा निरखून बघा: ओठ टेकले तिथला फेस आधी काठापासून सुटतो, मग त्याला भोकं पडतात आणि बघता बघता वर नुसती पांढरी रेघ उरते. सेझाँचा फेस उंच, दाट आणि रेंगाळणारा असावा असं परीक्षणाची नियमावली म्हणते. तुम्ही शेरा लिहा, "फेस टिकत नाही, ब्रूअरने लक्ष द्यावे."

आता मसाला. इथे खरी कसोटी, कारण इथे बनवणाराही फसतो आणि चाखणाराही. बेल्जियममधल्या तुर्प गावच्या द्यूपाँ ब्रुअरीची ६.५ टक्क्यांची सेझाँ हा या प्रकाराचा मापदंड. तिच्यात मिरीचा झणका असतो, पण मिरी नसते. तो सगळा यीस्टचा कारभार. हे कळलं तर परीक्षकाची पंचाईत होईल, म्हणून पहिल्या घोटालाच मसाले मोजायला लागा. "मिरी, लवंग, थोडी सुंठ, मागे दगडफूल." कोणी विरोध करणार नाही. विरोध करणाऱ्याला दगडफूल ओळखता आलं नाही असं होईल ना.

मसाला खरोखरच घातलेला असेल तर तो ओरडला पाहिजे. २० लिटरला १०-१५ ग्रॅम धणे, नुसते भरड ठेचून, उकळीच्या शेवटच्या ५ मिनिटांत, हा अगदीच कंजूष हिशेब. आपले लांबट धणे लिंबाकडे झुकतात आणि बेताने पडले तर छान वाटतात, म्हणून बनवणाऱ्याला पाव किलो सुचवा, तेही भाजून. संत्र्याची साल आतल्या पांढऱ्या भागासकट टाकायला सांगा, कडवटपणा फुकट मिळतो. लवंगेत हात आखडू नका. दाताचे डॉक्टर लवंगेचं तेल कशाला वापरतात ते आठवा. जीभ बधिर झाली की पुढच्या सगळ्या बाटल्या निर्दोष. आणि सांगलीची म्हणून मूठभर हळद हवीच; पिवळा फेस फोटोत उठून दिसतो, चवीला ओल्या मातीचा वास आला तर अभिमानाने "टेरवार" म्हणा, म्हणजे इथल्या मातीचा गुण. द्राक्षपट्ट्यात हा शब्द खपतो.

गोड लागली तर "माल्टी" म्हणा, म्हणजे मोड आणलेल्या धान्याची चव. सेझाँ कोरडी संपायला हवी, अंतिम घनता (आंबवण संपल्यावरची; आकडा जितका मोठा तितकी साखर उरलेली) १.००२ ते १.००८. पण द्यूपाँ जातीचं यीस्ट १.०३५च्या आसपास रुसून बसण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याला ३० अंशांच्या वर ऊब लागते आणि मुख्य म्हणजे धीर लागतो. धीर न धरता भरलेल्या बाटलीत ते पुन्हा जागं होतं. उघडताना अर्धी बिअर छतावर गेली तर "जिवंत बिअर" म्हणून टाळ्या वाजवा, उघडण्याआधीच बाटली फुटली तर काचा वेचून मगच वाजवा. सांगलीचा उन्हाळा ऊब फुकट देतो खरा, पण पहिल्याच दिवशी यीस्टला त्या भट्टीत ढकललं तर घशाला जाळणारं जड अल्कोहोल तयार होतं. त्याला "बॉडी" म्हणतात. निदान दुसऱ्या दिवशी डोकं ठणकेपर्यंत तरी.

औषधाच्या पट्टीसारखा वास आला तर तो नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा. सरबत टिकवायला घालतात तो केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) चिमूटभर पाण्यात टाकला असता तर गेला असता. हे सांगू नका, "बेल्जियन फिनॉल" म्हणा, जणू हाही यीस्टच्याच मसालेदार वासाचा प्रकार.

गुणपत्रिका ५० ची: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला भरणा ५, एकूण परिणाम १०. ती उलटी भरावी. आधी लेबलची छपाई आणि बाटलीची किंमत बघून बेरीज ठरवा, मग रकाने जुळवा. ३८ हा आकडा फार सोयीचा: तिथून "उत्कृष्ट" सुरू होतं आणि शेजाऱ्याने ३६ दिले असतील तर वादही होत नाही. शेजाऱ्याचा कागद दिसेल अशीच खुर्ची पकडा. दोष लिहायचाच असेल तर "थोडा असमतोल" लिहा. कशाचा, ते कोणी विचारत नाही. बनवणाऱ्याने विचारलंच की पुढच्या खेपेला नेमकं काय बदलू, तर घड्याळाकडे बघत सांगा, "छान आहे. मसाला जरा वाढव."